कांद्याची भावकी

नाशिक फाट्यावरून निघालं की भोसरी, मोशी, आळंदी फाटा आणि मग चाकणचा तळेगाव चौक. कंटेनरच्या मागे उभं राहून ज्यांनी या रस्त्यावर आयुष्यातले तास घालवलेत, त्यांना पुढचं सांगायला नको. पण चौकातून सुटून राजगुरुनगरकडे गेलं की तिथे केंद्र सरकारची एक संस्था आहे, जिचं सगळं काम दोनच पिकांवर चालतं: कांदा आणि लसूण. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय. 1994 साली नाशिकला सुरू झालेलं हे केंद्र 1998 मध्ये इकडे आलं. भीमा सुपर, भीमा राज, भीमा शक्ती, भीमा किरण ही शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली नावं इथलीच. गावाला लागून भीमा वाहतेच.

कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी हे सांगते तेव्हा पोरं हसतात. "कांद्यावर काय संशोधन करायचं? चिरायचा आणि रडायचं." मी चाकण एमआयडीसीत क्वालिटीला आहे. बायोटेकमध्ये एमएस्सी करून गाड्यांचे सुटे भाग मोजते, यातही त्यांना हसायला येतं. माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टचा विषय होता कांद्याच्या जवळच्या प्रजातींमधली जनुकीय विविधता, डीएनए मार्कर वापरून. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, म्हणजे नक्की काय? मी म्हणाले, कोण कोणाच्या भावकीतलं आहे ते शोधायचं. त्यांना ते एकदम कळलं. खेड तालुक्यात भावकी समजावून सांगावी लागत नाही. सातबाऱ्यावर किती नावं आहेत यावर इथे कित्येकांची आयुष्यं अडलेली आहेत.

तर कांद्याची भावकी. अ‍ॅलियम हे कुळाचं नाव, आणि त्यात नऊशेच्या वर प्रजाती. कांदा, लसूण, लीक, चाइव्ह हे आपल्या ताटातले. बाकीचे बहुतेक डोंगरात, विशेषतः मध्य आशियात आणि आपल्याकडे हिमालयात. यातलं कोण कोणाच्या जवळचं, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायला गेलं की फसगत होते. सांबारातला तो चिमुकला, झुपक्याने येणारा कांदा आपल्या मोठ्या लाल कांद्याहून किती वेगळा दिसतो, पण दोघं एकाच प्रजातीचे. उलट मोठ्या सुपरमार्केटमध्ये कधीतरी मुठीएवढ्या पाकळ्यांचा 'एलिफंट गार्लिक' दिसतो. दिसायला लसूण, वासाला लसूण, पण त्याचं नातं लीकशी. आपला लसूण त्याचा लांबचा चुलतभाऊ.

मग डीएनए बघायचा. इथे कांदा पहिला धक्का देतो. माणसाच्या एका संचात साधारण 300 कोटी अक्षरं असतात, कांद्याच्या संचात 1600 कोटींच्या आसपास. आपल्या पाचपट. टी. रायन ग्रेगरी नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने यावरून 'ओनियन टेस्ट' नावाचा एक प्रश्नच करून ठेवलाय: डीएनएचं प्रत्येक अक्षर काहीतरी कामाचं आहे असं ज्याला वाटतं, त्याने आधी सांगावं की कांद्याला माणसाच्या पाचपट डीएनए कशाला लागतो? खरी गोष्ट अशी की त्यातला बराचसा भाग म्हणजे त्याच त्या तुकड्यांच्या नकलांच्या नकला. गुणसूत्रं मात्र फक्त 16. माझ्या गाईड मॅडम म्हणायच्या, कांदा म्हणजे जुन्या वाड्यातली अडगळीची खोली. कामाच्या वस्तू आहेत, पण सापडायला हव्यात.

सगळी 1600 कोटी अक्षरं वाचण्याची आमच्या कॉलेजच्या लॅबची ऐपत नव्हती. तशी गरजही नसते. मार्कर म्हणजे खुणा. दोन गावांमधला फरक कळायला प्रत्येक घर बघावं लागत नाही, वेशीवरची पाच-दहा ठिकाणं पाहिली तरी अंदाज येतो, तसं काहीसं. कोवळी पात खलबत्त्यात द्रव नायट्रोजन ओतून कुटायची. हातमोजे असूनही चार दिवस बोटांना वास. मग सीटॅबच्या गरम द्रावणात ठेवायचं, क्लोरोफॉर्मने धुवायचं, आयसोप्रोपॅनॉल ओतलं की नळीत पांढरे धागे तरंगतात. तो डीएनए. कांद्याचा असेल तर बरेचदा चिकट, कारण त्यासोबत पिष्टमय बुळबुळीत पदार्थही येतात आणि पुढची रासायनिक क्रिया अडवून धरतात. ते काढण्यातच माझे पहिले दीड महिने गेले.

पुढे पीसीआर. हवा तो तुकडा निवडून त्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या. त्या जेलवर सोडायच्या, वीज लावायची. लहान तुकडे लवकर पळतात, मोठे मागे राहतात. अतिनील प्रकाशाखाली धरलं की केशरी पट्ट्या दिसतात. सुरुवातीला मी आरएपीडी ही पद्धत वापरली. 1990 साली आलेली, स्वस्त, दहा अक्षरांचा कुठलाही प्रायमर टाका आणि जिथे बसेल तिथे बसू द्या. तिची खोड अशी की तापमान थोडं इकडेतिकडे झालं, मशीन बदललं, की पट्ट्याही बदलतात. शेजारच्या लॅबमध्ये तोच नमुना वेगळं बोलतो. भावकीच्या भांडणात असा साक्षीदार कोणी उभा करणार नाही.

त्यापेक्षा एसएसआर भरवशाचे. डीएनएमध्ये काही जागी दोन-तीन अक्षरं तोतरं बोलल्यासारखी परत परत येतात: सीए, सीए, सीए. कोणात बारा वेळा, कोणात अठरा वेळा. जितकी आवर्तनं जास्त, तितका तुकडा लांब आणि जेलवर पट्टी तितकी मागे. आईकडून एक लांबी आली, बापाकडून दुसरी, तर दोन पट्ट्या दिसतात. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आवर्तनाची संख्या लवकर बदलते, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा मजकूर सावकाश बदलतो. त्यामुळे कांद्यासाठी बनवलेला प्रायमर त्याच्या चुलत्या-मावश्यांमध्येही बसू शकतो. नातं जवळचं असेल तर पट्टी येते. नातं लांबत जाईल तशी ती यायची शक्यता कमी होत जाते. 2011 साली राजगुरुनगरच्या शास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध आला, त्यात नेमकं हे केलं होतं: आपल्याकडच्या, कमी दिवसमानात पोसणाऱ्या कांद्यांमधली विविधता एसएसआरने मोजली आणि तेच मार्कर इतर अ‍ॅलियम प्रजातींवर चालतात का ते तपासलं. मी तो इतक्यांदा वाचला की प्रिंटची घडी फाटली.

पट्टी दिसली तर 1, नाही तर 0. शेवटी हातात येतो एक्सेलमधला शून्य-एकांचा ढिगारा. त्यातून दोन झाडांमधलं साम्य काढायला अनेकदा जे सूत्र वापरतात, ते पॉल जकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचं. गंमत म्हणजे त्याने ते आल्प्सच्या डोंगरात कुठल्या जागी कुठली झाडं उगवतात याची तुलना करायला केलं होतं, डीएनएची रचना कळायच्या पन्नासेक वर्षं आधी. मग संगणक त्या आकड्यांवरून वंशावळीसारखं झाड काढून देतो.

हे सगळं कशाला? नातं कळून कोणाचं पोट भरतं? याला ठोस उत्तर आहे. आमच्याकडे पावसाळी कांद्यावर करपा येतो, पातीला पीळ पडतो, आठ दिवसांत वाफा झोपतो. लागवडीच्या कांद्यात अशा रोगांना तोंड द्यायची ताकद कमी असते, ती रानटी नातेवाइकांत असते. पातीसाठी पिकवतात तो अ‍ॅलियम फिस्टुलोसम जांभळ्या करप्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. हिमालयातला दुर्मीळ अ‍ॅलियम रॉयली थंड-दमट हवेत येणाऱ्या केवडा रोगाला पुरून उरतो. रॉयलीतला तो गुण नेदरलँड्समध्ये कांद्यात आणायला जवळपास वीस वर्षं लागली. संकर करायचा, मग परत परत कांद्याशीच जुळवायचं, आणि दर पिढीत बघायचं की रॉयलीचा हवा तो तुकडा राहिलाय ना आणि नको ते गळालंय ना. हे बघण्याचं काम मार्कर करतात. हजार रोपं वाढवून त्यांना रोग लागायची वाट बघत बसण्यापेक्षा कोवळ्या पानाचा तुकडा पुरतो.

आणि कांद्याचा मूळ पुरुष? तो रानात आज कुठेच मिळत नाही. माणसाने कांदा जवळ केला त्याला काही हजार वर्षं झाली, तेवढ्यात तो पूर्वज हरवला. डीएनएच्या खुणांवरून आज जो सगळ्यात जवळचा रानटी नातेवाईक ठरतो, तो तुर्कमेनिस्तान आणि ईशान्य इराणमधल्या कोपेत दाग डोंगरातला अ‍ॅलियम वाविलोवी. निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाचा. पिकांच्या विविधतेची घरं जगात कुठे कुठे आहेत हे शोधत तो खंडोखंडी फिरला, लाखो नमुने गोळा केले आणि 1943 साली स्टालिनच्या राज्यात सारातोवच्या तुरुंगात उपाशी मेला. लेनिनग्राडच्या वेढ्यात त्याच्या संस्थेतली माणसं भुकेने गेली, पण कपाटातलं बियाणं त्यांनी शिजवून खाल्लं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा भोसरीच्या सिग्नलला बसमध्ये उभी होते.

आता माझ्या आत्याकडे येते. आमची चाकणजवळची जमीन एमआयडीसी वाढत गेली तशी तुकड्या-तुकड्याने गेली. उरलेल्या एका गुंठ्यावर भाड्याच्या खोल्या आहेत. पण आमच्या घरचं कांद्याचं बी वाचलं, कारण आत्याने लग्नानंतर ते सासरी नेलं होतं, शिरूर तालुक्यात पाबळच्या बाजूला. गरवा कांदा, फिकट लाल, बराखीत दिवाळीपर्यंत टिकतो. नाव काही नाही. आम्ही 'घरचं' म्हणतो, शेजारी 'तुमच्या आत्याचं' म्हणतात. दुकानात बहुतेक पाकिटांवर 'पुना फुरसुंगी' लिहिलेलं असतं. ज्या फुरसुंगीच्या नावाने हे बी राज्यभर खपतं, ते गाव आता हडपसरच्या पुढचं उपनगर आहे. नव्या पिढीला ते कचरा डेपोमुळे आणि आयटी पार्कच्या ट्रॅफिकमुळे माहीत. कांदा नावापुरता उरला.

प्रोजेक्टच्या वेळी मी आत्याच्या कांद्याची बारा रोपं आणि बाजारातल्या दोन पाकिटांची तेवढीच रोपं शेजारी शेजारी जेलवर चढवली. माझी अपेक्षा अशी की आत्याची बारा एका फांदीवर येतील, पाकिटं दुसऱ्या. तसं झालं नाही. आत्याची रोपं आपापसातच जवळपास तेवढी वेगळी होती, जेवढी ती पाकिटातल्या रोपांपासून होती. झाडभर सगळे एकमेकांत मिसळलेले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कांद्याचं असंच असणार." बारा रोपांवरून मोठं काही सिद्ध होत नाही, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर. म्हणून फूल स्वतःचं स्वतःवर सहसा फळत नाही, मधमाशी दुसऱ्या गोंड्यावरून पराग आणते. अशा पिकात विविधतेचा मोठा वाटा एका वाणाच्या आतच असतो, दोन वाणांच्या मध्ये कमी.

याच्या बरोबर उलट लसूण. त्याला बी धरत नाही, पाकळी लावायची. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तोच. दहा गावांत दहा नावांनी लावला जाणारा लसूण मार्करखाली एकच निघू शकतो.

घरी येऊन मी विचार करत बसले की मग 'आत्याचा कांदा' असं काही आहे का? माझं आजचं मत असं की आहे, पण ती वस्तू नाही, तो जमाव आहे. दरवर्षी बराखीत टिकलेल्या कांद्यांतून आत्या निवडते: बारीक मानेचा, एका डोळ्याचा, जोड नको, मोड आलेला नको. चार-पाच हजार कांद्यांतून ती गोट बाजूला काढते. त्या हातामुळे तो जमाव एका दिशेने चालत राहतो. हात थांबला तर जेलवर लगेच काही दिसणार नाही, पण बराखीत दिसेल.

कंपनीत माझं काम याच्या उलट आहे. हजार पार्ट हजारही सारखे हवेत. काही मायक्रॉनचा फरक पडला तरी लाल पेटीत. ते योग्यच आहे, ब्रेकच्या पार्टमध्ये विविधता कोणाला हवी? पण शेतीतही तोच हिशोब लावायची सवय जगाला लागली आहे. 1925 साली कॅलिफोर्नियात डेव्हिसला हेन्री जोन्स या पैदासकाराला 'इटालियन रेड' कांद्यात एक झाड सापडलं, ज्याचे पराग वांझ होते. संकरित बियाणं करायला असं झाड म्हणजे सोनं. बी मिळत नव्हतं, पण त्याच्या गोंड्यातच छोट्या कांद्या धरल्या, त्यावरून ते जगवलं. नंतर जगभरातल्या कितीतरी संकरित कांद्यांत आईकडून येणारा तो वांझपणा त्या एका झाडाचा. हुशारीचं काम होतं, नाकारत नाही. पण 1970 साली अमेरिकेत मक्याचं असंच झालं होतं. बहुतेक संकरित मक्यात एकाच प्रकारचा वांझपणा होता, त्यावर नेमका एक करपा आला आणि देशातल्या पिकाचं मोठं नुकसान झालं. आपल्याकडे अजून बहुतांश कांदा संकरित नाही, मोकळ्या परागणाचा आहे. पण मोकळं परागण टिकायचं तर माणसांनी बी धरायला हवं.

आणि किती गोटांवर धरायचं, इथे गणित येतं. पुस्तकातला नियम सोपा आहे: दहा गोटांवरून बी धरलं तर त्या एका पिढीत आतल्या विविधतेतला साधारण 5 टक्के भाग गळतो, शंभरांवरून धरलं तर अर्धा टक्का. दहा गोटांचा संसार चार-पाच पिढ्या चालवा, वीसेक टक्के गेलं. वर कांद्याला भाऊबंदांतली लग्नं मानवत नाहीत, झाड खुरटतं. शंभर गोटांना जागा फार लागत नाही, आमच्या खोल्यांच्या मागे मावतील. पण ते शंभर निवडायला हजारो कांदे पिकवावे लागतात, त्याला शेत लागतं. आजूबाजूला शेकडो मीटरपर्यंत दुसऱ्या वाणाचे गोंडे नकोत, माश्या मात्र हव्यात. बी घरी डब्यात वर्ष-दीड वर्षाच्या पुढे नीट उगवत नाही, म्हणजे एखादं साल चुकवायचीही सोय नाही. चाकण पट्ट्यात हे सगळं एका ठिकाणी जमवणं अवघड होत चाललंय. महात्मा फुले मार्केट यार्डात आजही कांद्याच्या पिशव्यांची थप्पी लागते, पण त्यातला कोणता जमाव कोणाच्या हातचा, हे वजनकाट्याला कळत नाही. तिथे गोळा, गोल्टी, बदला एवढेच वर्ग.

सरकारी वाट आहे. थंड जनुकपेढीत बी अनेक दशकं टिकतं. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याखाली शेतकरी स्वतःचा वाण नोंदवू शकतो. मी अर्ज उघडून बसले. वाण वेगळा हवा, एकसारखा हवा, स्थिर हवा. एकसारखेपणात शेतकऱ्यांच्या वाणाला सवलत आहे, तरी मधल्या त्या अटीपाशी मी बराच वेळ थांबले. ज्या गोंधळामुळे हा कांदा तग धरून आहे, तोच कागदावर कमी दाखवायचा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागे गावं होती, नाव होतं, ओळख होती. आत्याच्या कांद्यामागे आत्या आहे.

तरी मी तिला फोन केला. म्हटलं, यंदा किती गोट ठेवलेस?

"ठेवलेत की तीस-चाळीस. का गं?"

"शंभर तरी हवेत आत्या. आणि अर्धा किलो बी मला दे, मी पेढीत द्यायचं बघते."

"पेढीत? सोनाराच्या?" मग हसली. "शंभर काढायला मला आता बराखीत वाकवत नाही पोरी. तू येऊन निवड. अन् लवकर ये. भाव चढला की हा सगळी बराख मोकळी करंल, त्याला काय गोट नि काय गोल्टी. मागल्या साली मी आडवी पडले म्हणून वाचलं."

हा म्हणजे माझा आतेभाऊ. त्याच्यावर कर्ज आहे, त्याला बोल लावायला मला जमत नाही. कालचा चाकणचा भाव मी पाहिला, चढतोय. शनिवारची सेकंड शिफ्ट बदलून मागितली आहे.